पांढरं पिल्लू परत करायचा दिवस

आई,

काल सकाळी आमच्या कुत्र्याने यांच्या हाताला चावा घेतला, आणि आज दुपारी चारच्या सुमारास त्याला परत न्यायला ज्याने तो विकला तो पापनाशमचा माणूस येणार आहे. तो येईपर्यंत मला ठरवायचं आहे, आणि बोलायला या घरात कोणी नाही. हे हाताला पट्टी बांधून झोपाळ्यावर बसले आहेत; कालपासून एक शब्द नाही. मुलाशी फोनवर बोलणं झालं, म्हणजे तो बोलला आणि मी ऐकलं. म्हणून तुला लिहायला बसले. तू असताना एकाच गावात राहून तुला पत्र लिहायचं कारण पडलं नाही. आता लिहितेय तेही आपल्या घरच्या बोलीत नाही, पुस्तकी मराठीत, कॉलेजात शिकले त्या. तुझ्यासमोर अशी बोलले असते तर हसली असतीस.

तू पहिलं काय विचारशील ते ठाऊक आहे. "कुत्रं? घरात?" होय, घरात. तुझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कुत्र्याची सावली पडली तरी तू अंगण धुऊन घ्यायचीस, आणि तुझी मुलगी सत्तरीला टेकल्यावर कुत्रा पाळते. हौस म्हणून नाही. तीनेक महिन्यांपूर्वी आमच्या वीधीत, याच गल्लीत, चोरी झाली. आमच्यापासून चौथं घर, म्हातारा-म्हातारी मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेलेली. परत आली तर देवाची समईसुद्धा नाही. त्याच आठवड्यात आमच्या मागच्या दारावर पहार लावल्याच्या खुणा दिसल्या. चेन्नईहून मुलाचा फोन आला. "अम्मा, आता पुरे. घर विका आणि इकडे या. अकराव्या मजल्यावर कोणी चोर येत नाही." त्याच्या फ्लॅटला खिडक्या आहेत, पण त्या उघडायच्या नसतात. मी काही म्हणायच्या आत हे, ज्यांनी जन्मात मुलाला उलट उत्तर दिलं नाही, ते फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आम्ही कुत्रा पाळतो."

मुलगा हसला. "अप्पा, या वयात? तुम्ही कुत्र्याला सांभाळणार की कुत्रा तुम्हाला?" त्याच्या हसण्याचा मला राग आला. मी म्हणाले, ठरलं. तोही माझाच मुलगा. म्हणाला, "बरं, पाळून दाखवा. नाही जमलं तर मुकाट्याने इकडे यायचं, मग वाद नाही." मी शब्द दिला. आता कळलं ना, कुत्रा गेला तर त्याच्यामागून काय जाणार आहे ते.

निवड मी केली. तालुका ऑफिसात इतकी वर्षं अर्ज छाननीला बसले, मला वाटलं कुत्रा निवडणं त्याहून काय अवघड असणार. लॅब्राडोर नको: लाडावलेला, केस गाळणारा, येणाऱ्या-जाणाऱ्याला चाटणारा. पोमेरेनियन नको: दिवसभर किरकिर. यांना कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानामागची एक भटकी कुत्री आवडली होती, वयाने मोठी, समजूतदार, यांच्यामागे बस स्टँडपर्यंत चालत यायची. मी म्हटलं, तिचं कूळ ना मूळ. मग कोणी सांगितलं, राजपाळयम घ्या. आपल्या तमिळ मुलखाची जात, राखणीला चांगली, इथलं ऊन सोसणारी. पापनाशमच्या पुढे भातशेतात एक जण पिल्लं करतो म्हणून कळलं, आणि आम्ही दोघं टाऊन बसने, मग ऑटोने गेलो.

झापांच्या शेडमध्ये पिल्लं होती. माणसाने ॲल्युमिनियमची परात काठीने वाजवली, तशी सगळी एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत धावली. एकाने यांच्या धोतराचं, वेष्टीचं, टोक तोंडात धरलं आणि सोडेना. हे लहान मुलासारखे हसत होते. एक मात्र धावलं नाही. गोणपाटावर बसून होतं, डोळे आमच्याकडे. पांढरंशुभ्र, कुठे डाग नाही, नाक गुलाबी. गर्दीत नाही, अन्नावर झेप नाही. मी विचारलं, "हा?"

"अम्मा, तुमची नजर म्हणजे नजर," माणूस म्हणाला. "हा सगळ्यांत शांत. आवाज झाला तरी दचकत नाही. असा बिनडाग मिळत नाही."

"खातो काय?"

"तुम्ही घालाल ते. दहीभात घाला, दहीभात."

यांनी हळूच म्हटलं, "हा वेष्टीवाला बरा वाटतो मला." मी म्हटलं, तो अवखळ आहे. आणि विषय संपला. आई, तू मला लहानपणी जे शिकवलंस त्याचीच चाळणी मी लावली. पांढरं ते स्वच्छ. जे शिवत नाही, धावत नाही, भांड्यांच्या आवाजाने आत डोकावत नाही, दहीभातावर राहतं, ते आपल्या घरात चालेल. मनात म्हटलंही, हा आईच्या उंबऱ्याबाहेर बसला असता तर तिनेही चालवून घेतलं असतं.

आणल्यावर त्याला नाव ठेवलं. ते इथे लिहीत नाही, कारण त्याने ते कधी ऐकलेलं नाही. पण हे मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की तो हाकेला येत नाही. नातवंडांशी मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देतात, म्हणून मी ठरवलं होतं की निदान हा कुत्रा तरी घरात मराठीत वाढेल. "ये", "बस", "जा", तीन शब्द. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि मी पाठ फिरवली की आपल्या कामाला लागायचा. अगदी नातवंडांसारखा. समोरच्या घरात एक मुलगी राहते, खासगी हॉस्पिटलात नर्स आहे, नवरा गल्फला. ती आपल्या तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर बसून मजा बघायची. "मामी, पापनाशमचा कुत्रा तो, त्याला मराठीत रागावलात तर काय कळणार? मला इतकी वर्षं झाली समोर राहून, मलाच कळत नाही!"

"तिचं खरं आहे," हे म्हणाले. "तमिळमध्ये सांगून बघ."

"घरात तमिळ नाही. एकदा ठरलं ते ठरलं."

मग हे माझ्यामागे परसात जाऊन त्याला "वाडा कण्णा, वाडा", ये रे राजा ये, असं करून बोलवायचे, नव्या नवरीला बोलवावं तसे. तो त्यालाही येईना. मग यांचं म्हणणं पडलं की दोन भाषांनी त्याचा गोंधळ झाला, आणि तो मी केला. माझं म्हणणं पडलं की लाडाने बिघडला, आणि ते यांनी केलं. आठवडेच्या आठवडे आम्ही त्या मुक्या जनावराच्या भाषेवरून भांडलो. तो ऐकेना म्हणून मी त्याला विहिरीजवळ कढीपत्त्याच्या झाडाला बांधून ठेवायची. पिल्लू तर वाढत होतं. माझ्या गुडघ्याला लागलं, मग गुडघ्याच्या वर गेलं. त्याने पट्टा ओढला की यांचा खांदा निखळेल असं वाटायचं. मी ते मुलाला सांगितलं नाही.

काल सकाळी कॉफी झाल्यावर हे त्याला फिरायला न्यायला निघाले. तो तिण्णैवर रस्त्याकडे तोंड करून झोपला होता. यांनी मागून वाकून पट्टा लावायला त्याच्या मानेवर हात ठेवला. तो उसळून फिरला आणि दात रुतले. एकदाच. लगेच सोडलं, आणि स्वतःच घाबरून भिंतीला चिकटून उभा राहिला. पण यांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी आहे. रक्त थांबेना. मी टॉवेल धरते आहे आणि टॉवेल माझ्या हातात लाल होतो आहे. समोरची मुलगी रस्ता ओलांडून धावत आली. आजवर ती तिण्णैच्या आत आली नव्हती, मी कधी बोलावलं नव्हतं. ती सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, यांचा हात धरून धुतला, दाबून बांधला आणि ऑटो थांबवून यांना दवाखान्यात घेऊन गेली. "मामी, तुम्ही त्याला बांधा आणि घर बघा," एवढंच म्हणाली. मला कोणी असं कामाला लावल्याला किती वर्षं झाली.

घरात मी आणि तो. अंगणात मला पाठ करून उभा होता. मी जे तोंडात आलं ते बोलले. ओरडले म्हण. तो पाय चाटत होता. आत कुकरची शिट्टी झाली, त्याचा कान हलला नाही. मी आत जाऊन पितळी ताट आणलं आणि त्याच्या मागे दगडावर जोराने आपटलं. झाडावरचे कावळे उडाले, माझ्या कानठळ्या बसल्या, पलीकडून कोणी "काय झालं?" म्हणून विचारलं. तो पाय चाटत होता. मी ताट उचलायला पुढे पाऊल टाकलं, जमिनीवर जरा जोरात पडलं असेल, तेव्हा मात्र तो गर्रकन वळला आणि माझ्या तोंडाकडे बघू लागला. तसाच, टक लावून.

दुपारी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं; तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं, त्याला ऐकूच येत नाही. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मागे वाजवून पाहिला, टाळी वाजवून पाहिली. "जन्मापासून आहे. या जातीच्या पूर्ण पांढऱ्या पिल्लांत होतं असं कधीकधी." मग मला आपादमस्तक पाहून म्हणाल्या, "तुम्ही दोघंच? आणि पहिलाच कुत्रा? शिकारीची जात आहे ही, अम्मा. वाढला की तुम्हाला ओढत नेईल. वयाने मोठा, माणसाळलेला, सावकाश चालणारा कुत्रा घ्यायचा सोडून हे पिल्लू कोणी सुचवलं?"

"मी निवडलं."

"का?"

"पांढरं होतं म्हणून."

त्या काही बोलल्या नाहीत. तू गेल्यापासून असं गप्प बसून मला कोणी बोल लावले नव्हते. निघताना मी विचारलं, परत केला तर चालेल ना. त्यांनी हात धुता धुता म्हटलं, "चालेल. पण ज्याने विकला त्याला तो चालणार नाही. बहिरं पिल्लू कोणी ठेवून घेत नाही, एवढं तुम्हाला सांगते."

मुलाने मात्र संध्याकाळच्या आत सगळं ठरवून टाकलं. "मी त्या माणसाशी बोललोय. उद्या चार वाजता दुसरं पिल्लू आणून देईल, हे घेऊन जाईल. दुसरंही नको असेल तर सामान बांधा. अप्पांच्या हाताचं काय झालं बघितलंस ना?" बघितलं. तो चुकीचं काही बोलला नाही.

इथवर सकाळी लिहिलं होतं; आता आज दुपारचं सांगते. सकाळपासून मी मनाशी घट्ट केलं होतं: परत द्यायचा. मला यांचा हात हवा आहे, कुत्रा नाही. दुपारी त्याचा दहीभात कालवत होते. दोरी लांब होती म्हणून तो मागच्या दारापर्यंत आला आणि पुढचे दोन पाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवले. माझा उजवा हात भाताने भरलेला. तोंडाने सांगून उपयोग नाही. मी डावा हात वर केला, पंजा पालथा, आणि हवेतच खाली दाबला. तो बसला.

आई, माझा हात तिथेच राहिला. कारण तो हात माझा नव्हता.

श्राद्धाच्या दिवशी तू ओल्या लुगड्यात चुलीसमोर असायचीस, आणि नैवेद्य होईपर्यंत तोंड उघडायची नाहीस. अन्नावर थुंकीचा कण पडला तर सगळं विटाळलं. मोठं घर, जेवायला ब्राह्मण, पायांत घुटमळणारी आम्ही मुलं, आणि तू शब्दाविना सगळं चालवायचीस. पंजा पालथा खाली म्हणजे होतीस तिथे बस. हाताची मागची बाजू अंगणाकडे झटकली की बाहेर. चिमूट म्हणजे मीठ आण, बोटं तोंडाशी म्हणजे पाणी. आणि पळी जमिनीवर ठोकली की आधी माझ्याकडे बघ. आम्ही सगळी तुझ्या हातांकडे बघत वाढलो. घरात ज्याला बोलायला येत नव्हतं त्या लहानग्यालासुद्धा त्या खुणा कळायच्या.

आणि तो दिवस. मी शाळेतून धावत आलेय, वक्तृत्वात पहिली आल्याचं सांगायचंय, श्राद्ध आहे हे विसरलेय. तू पाठमोरी वाकून पचडी ढवळतेयस. मी मागून तुझा पदर धरते. तू दचकून फिरतेस आणि हातातली पळी माझ्या मनगटावर बसते. मी रडत नाही, कारण तुझा चेहरा माझ्याहून घाबरलेला असतो. तू पुन्हा न्हायलीस, सगळा स्वयंपाक टाकून पुन्हा केलास, ब्राह्मण खोळंबले, बाबा पुटपुटत राहिले. पानं उठल्यावर मला जवळ बसवून मनगटाला तेल लावलंस आणि म्हणालीस, "मागून येऊन शिवायचं नाही. समोरून ये. समोर दिसलीस तेव्हा कधी मारलंय मी तुला?"

नव्हतं मारलंस. कधीच नाही.

आज मी कुत्र्यासमोर पंजा उलटा करून अंगणाकडे झटकला. तो थोडा गोंधळला. मी पुन्हा झटकला आणि एक पाऊल पुढे टाकलं. तो उंबऱ्यावरून मागे सरला. मी टाच जमिनीवर आपटली. त्याने वर पाहिलं. पुन्हा पंजा खाली. बसला. दोन महिने मी ज्याला तीन शब्द शिकवू शकले नाही, त्याला एक पान भात कालवून होईतो तीन खुणा कळायला लागल्या. पूर्ण नाही, चौथ्यांदा मी झटकलं तेव्हा तो शेपूट हलवत बसूनच राहिला. पण बघत होता. माझ्या हाताकडे.

माझ्या मागे झोपाळा थांबल्याचा आवाज आला. हे दारात उभे होते. कालपासूनचा पहिला शब्द बोलले, "सासूबाईंच्या खुणा."

"तुम्हाला आठवतात?"

"न आठवून काय करतो? जावई असून त्यांनी असा हात केला की पाट नसला तरी मी बसायचो."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. यांची पट्टी अजून कडेला लालसर होती. मी विचारलं, "ठेवायचा की द्यायचा?"

"तू ठरव. निवडलास तू."

"चावला तुम्हाला."

यांनी पट्टीची सुटलेली कड आत खोचली. मग म्हणाले, "खरं सांगू? मला त्याची भीती वाटते आता. आणि त्याला दिलं तर मला माझी भीती वाटेल." यांना असं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी बाजूला झाले. हे अंगणात उतरले, पण मागून नाही. लांबून वळसा घालून त्याच्या समोर गेले. टाच आपटली. त्याने पाहिलं. यांनी पट्टीचा हात वर केला आणि पंजा खाली दाबला. तो बसायला थोडा वेळ लागला. त्या वेळात मी दाराची चौकट धरून होते. तो बसला. हे तिथूनच परत फिरले, त्याला हात न लावता. "आजचं एवढंच," म्हणाले आणि माझ्यासमोर पाटावर येऊन बसले. हे लिहितेय तोच बाहेर मोटरसायकल थांबली. चारला अजून अवकाश आहे.

लिहिणं इथे थांबवलं होतं. आता माणूस गेला आहे, पुढचं लिहिते.

त्याने वेताची टोपली आणली होती. आत तेच पिल्लू, वेष्टीवालं, कानावर तपकिरी डाग. आता मोठं झालेलं, टोपलीत मावत नव्हतं. त्याने टाळी वाजवली तशी ते भुंकलं, समोरच्या घरावर भुंकलं, जाणाऱ्या सायकलवर भुंकलं. "बघा अम्मा, कान कसे आहेत. याच्या नजरेतून माशी सुटणार नाही. तो आणा, मी निघतो."

"त्याचं काय करणार?"

"त्याचं आम्ही बघतो."

"काय बघता?"

"अम्मा, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? बहिरा कुत्रा. राखणीला नाही, विकायला नाही, त्याच्यापासून पिल्लं करायची नाहीत."

"मी विचारलं, काय करणार."

तो यांच्याकडे वळला. "सार, अम्मांना जरा सांगा."

हे म्हणाले, "मीसुद्धा तेच विचारतोय." त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं, पुन्हा खांद्यावर टाकला. वाईट माणूस नाही तो. खोटं बोलायला वेळ लागत होता, एवढंच. मला उत्तर मिळालं.

त्याच्यासमोरच मी मुलाला फोन लावला, त्या माणसाला कळावं म्हणून तमिळमध्ये. "पांढरा राहतोय. दुसरा परत चाललाय."

"अम्मा! अप्पांना पुन्हा चावला तर?"

"त्याला कोणी मागून शिवणार नाही. अप्पासुद्धा. ते माझ्याकडे लागलं."

"आणि चोर? चोर त्याच्या अंगावरून चालत गेला तरी त्याला कळणार आहे का? कशासाठी कुत्रा घेतलात तुम्ही? शब्द दिला होतास."

दिला होता. आणि तो म्हणत होता ते बरोबर होतं. त्या डाग असलेल्या पिल्लाने घर राखलं असतं, मुलगा गप्प बसला असता, मी जिंकले असते. मी फोन कानाला लावून उभी होते. तेवढ्यात समोरच्या तिण्णैवरून आवाज आला. मुलाचा चढलेला आवाज फोनबाहेर जात होता, समोरच्या मुलीने सगळं ऐकलं होतं. आमच्या वीधीत ऐकू न येणारा हा कुत्रा एकटाच. "मामी, किल्ली मला द्या की! कुत्र्याला ऐकू येत नाही, मला येतं. माझी ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची, मी वेळी-अवेळी जागीच असते. तुम्ही गावाला गेलात तर मी बघीन. कधी दिलीत का एकदा तरी?"

नव्हती दिली. तू कोठीची किल्ली सख्ख्या जावेच्या हाती दिली नाहीस. कमरेला लावूनच गेलीस. मी तशीच. चोरी झाल्यावर मी दाराला आणखी एक कडी बसवून घेतली, पण समोर राहणाऱ्या माणसाला "लक्ष ठेव" म्हटलं नाही. तो शब्द तोंडातून निघत नाही आपल्या. मुलाने फोनवर तिचं बोलणं ऐकलं असावं. थोडं थांबून म्हणाला, "कोण ती?" मी म्हटलं, "काल जिने अप्पांचा हात बांधला." मग तो एवढंच म्हणाला, "पोंगलला येतो. तेव्हा बघू." ये म्हटलं. घर विकायचं बोलणं पोंगलपर्यंत लांबलं, मिटलं नाही. आणि पिल्लू वाढतच आहे. त्याचा पट्टा धरायला आणखी कोणी लागेल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला सावकाश चालणारा कुत्रा हा नव्हे, आणि त्याला काही इलाज नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तू असतीस तरी वाचून दाखवावं लागलं असतं; तू आपली मराठी तमिळ अक्षरांत लिहायचीस, देवनागरी तुला येत नव्हती. आणि काही ओळी मी वाचल्या नसत्या. आज दुपारी कुत्रा उंबऱ्याच्या आत आला होता, दोन पाय, आणि मी अंगण धुतलेलं नाही.

नोकरीत असताना चार्ज दिला की लिहून ठेवायची सवय, म्हणून लिहिते. पापनाशमच्या माणसाला परत दिलं: कानावर तपकिरी डाग असलेलं एक पिल्लू, वेताच्या टोपलीसकट. निघताना त्याने पांढऱ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या मुलीला दिल्या: तुझ्या तीन खुणा, तुला न विचारता. बस, बाहेर, माझ्याकडे बघ. तिला पहिल्याच वेळी जमल्या. आणि पुढच्या दाराची किल्ली, एक. ती तिच्या तळहातावर ठेवली, पण माझी बोटं लगेच सुटली नाहीत. तिने ओढली नाही. मी सोडेपर्यंत हात पुढे करून उभी राहिली.